जमिनीला येणारी भरती

सोयाबीन वाळत आलं की आमच्या शिवारात एक बारीक आवाज सुरू होतो. दुपारचं ऊन चढलं की शेंगा आपोआप तडकतात, दाणे मातीत उडतात आणि सगळं रान हळू आवाजात स्वतःशी काहीतरी बोलतंय असं वाटतं. यंदा आश्विनात गावी आले तेव्हा धुऱ्याच्या बांधावर उभी राहून मी तो आवाज बराच वेळ ऐकला. शेजारच्या रानात हडंबा चालू होता. हे मळणीयंत्र थांबलं की एकदम सुन्न शांतता पसरते, आणि त्या शांततेत रानातली माणसं क्षणभर हातातलं काम सोडून उभी राहतात. तीन वर्षं झाली, तरी आमच्या गावाची ही सवय गेलेली नाही. माणसं पायांनी ऐकतात.

आमचं गाव हदगावच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. कापूस, सोयाबीन, थोडी हळद. तीन वर्षांपूर्वी परतीचा पाऊस लांबला होता आणि पोळ्यानंतर केव्हातरी जमिनीला हादरे बसायला लागले. आधी आवाज यायचा. लांब कुठे गिट्टीचा ट्रक रिकामा होतोय असा, पण पायाखालून. मग फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागायची, टांगलेला कंदील झुलायचा, आणि संपायचं. पाच-सात सेकंदांचा खेळ. पण मराठवाड्यात जमीन हलली की प्रत्येकाच्या तोंडात एकच नाव येतं, किल्लारीचं, आणि ते नाव अजूनही लोक आवाज उतरवूनच घेतात. गावातली निम्मी घरं दगडमातीची. लोकांनी अंथरुणं अंगणात आणली, ताडपत्र्या बांधल्या. शाळेच्या भिंतीला बोटभर भेग पडली तेव्हा मास्तरांनी वर्ग लिंबाखाली भरवले.

मी नांदेडला हायस्कुलात भूगोल शिकवते. भूकंपाच्या लहरी फळ्यावर काढून दाखवताना मला कितीदा तरी मजा वाटली असेल. पण फळ्यावरच्या त्या वेड्यावाकड्या रेषांचा आणि भिंतीतल्या देवळीतून घरंगळत येणाऱ्या तांब्याचा काही संबंध असतो, हे मला त्या आश्विनात कळलं. वडील गावात एकटे राहायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. नांदेडला चला म्हणून मी फोनवर हातापाया पडले, ते हलले नाहीत. शेवटी रजा काढून मीच गावी राहायला गेले.

दादा गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांची आठवण आली की मला पहिल्यांदा त्यांची बोटं दिसतात. कशावरही टिचकी मारून ऐकायची त्यांना सवय होती. बाजारातून टरबूज आणलं की ते कानाशी धरून ठोकायचे आणि म्हणायचे, सुटलंय आतून. ही सवय खाणीतली. पैनगंगेच्या पलीकडे, वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. तिथल्या एका भुयारी खाणीत दादांनी तीस वर्षं काढली. सुरुवात मजुरीपासून, पुढे माइनिंग सरदार झाले. पाळीच्या माणसांच्या आधी पुढे जायचं, काठीनं छत ठोकून बघायचं आणि छत घट्ट असेल तरच माणसांना आत सोडायचं, हे सरदाराचं काम. घट्ट छत खणखणीत वाजतं. सुटलेलं छत डब्ब वाजतं.

कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच खांब ठेवतात, वरचा खडक त्यांच्यावर तोललेला असतो. शेवटी शेवटी ते खांबही काढत मागे यायचं असतं. तेव्हा वरचं सगळं ओझं जागा बदलतं. खडक कुरकुरतो, तडकतो, आणि एखाद्या वेळी खाणच्या खाण हादरते, इतकी की वर वस्तीतल्या घरांनाही कळतं. दादांच्या डोक्यात पूर्वीपासून एक गोष्ट बसली होती, की हे हादरे अमावास्येच्या आणि पुनवेच्या आसपास जास्त येतात. कुणी सांगितलं होतं असं नाही, त्यांनाच तसं जाणवलं होतं. मग त्यांनी लिहून ठेवायला सुरुवात केली. तारीख, तिथी, पाळी, आणि किती आवाज झाले त्याच्या उभ्या रेघा. अशा अकरा वह्या आमच्या कोठीत ट्रंकेत होत्या. मी लहानपणी त्या हिशेबाच्या समजून कधी उघडल्याच नव्हत्या.

गावात हादरे सुरू झाल्यावर दादांनी ती विद्या पुन्हा बाहेर काढली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ते प्रत्येक हादऱ्याला खूण करायला लागले. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दोन हादरे बसले, आणि अमावास्येला एक. दादांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कित्येक वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्यावर असा तजेला पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात निलोफर आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. नांदेडच्या जुन्या वस्तीतली. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे बारीक यंत्रांची भीती तिला कधी वाटली नाही. आता ती विद्यापीठात भूशास्त्र शिकवते. हादरे नोंदवणारी एक पेटी घेऊन ती आली आणि शाळेच्या सामानाच्या खोलीत, फरशीवर, तिनं ती पेटी बसवली. गाव दारात गोळा झालं होतं. दादांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, चंद्राचा आणि जमिनीचा काही संबंध असतो का.

लोक हसतील असं मला वाटलं होतं. निलोफर हसली नाही. तिनं सांगितलं की समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते. चंद्र आणि सूर्य ओढतात तेव्हा पाण्याबरोबर खडकही किंचित वर येतो. आपण उभे आहोत ती जमीन दिवसातून दोनदा वीतभर वर येते आणि खाली जाते. आपल्यासकट, घरासकट, झाडासकट सगळंच वर जातं, म्हणून आपल्याला कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेला ही भरती मोठी, अष्टमीच्या सुमारास लहान. कोळशाच्या खाणींमध्ये जे हादरे बसतात त्यांचा या भरतीशी काही मेळ लागतो का, हा खरोखरच अभ्यासाचा विषय आहे, असंही ती म्हणाली.

दादा माझ्याकडे वळले. म्हणाले, "बघ माय. मी म्हणत नव्हतो?"

निलोफर पुढेही बोलत होती. ती सांगत होती की या भरतीचा धक्का फार हलका असतो, आमच्या गावाखाली कुठलीच खाण नाही, इथले हादरे वेगळ्या कारणानं असतील, आणि कुठल्या दिवशी हादरा बसेल हे यावरून मुळीच सांगता येत नाही. मी ते ऐकलं. इतरांनीही ऐकलं असणार. पण घरी जाताना जो तो फक्त पहिला अर्धा भाग घेऊन गेला. दादांच्या म्हणण्याला विद्यापीठाची पेटी मिळाली, एवढंच गावाला उमगलं.

नंतरचे दिवस आठवले की मला अजून अवघडल्यासारखं होतं, कारण तेव्हा मला अभिमान वाटत होता. सकाळी सकाळी लोक ओट्यावर यायचे. आज अंथरूण कुठं टाकावं, म्हातारीला आत न्यावं का, बाहेरगावी जाऊ का. दादा दिनदर्शिका बघून सांगायचे. पुनवेला सगळं गाव बाहेर राहिलं आणि खरंच एक हादरा बसला. मी तर भूगोल शिकवणारी. तीन-चार वेळा जुळलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, हे मुलांना परीक्षेसाठी पाठ करायला लावणारी. पण आपला म्हातारा बाप पुन्हा ताठ बसलाय, माणसं त्याला मान देतायत, हे बघताना शहाणपण जरा बाजूला सरकतं. मीही गप्प बसले.

आमच्या शेजारी गिरजाबाईंचं घर. आई गेल्यापासून दादांची दोन वेळची भाकरी त्याच पाठवायच्या. त्यांची सून संगीता महिन्याच्या लेकीला घेऊन अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली राहत होती. पाऊस थांबेना. पत्रा गळायचा, जमिनीतून ओल वर यायची. लेकराला खोकला धरला. एका सकाळी ती पदराखाली लेकीला धरून ओट्याशी आली.

"दादा, हिला लई खोकला झालाय. घरात नेऊ का?"

दादांनी दिनदर्शिका बघितली. अष्टमी होती.

"ने माय आत. आज काही होत न्हाई."

दुपारी तीनच्या सुमाराला हादरा बसला. आतापर्यंतच्या सगळ्यांहून मोठा. पावसाची उघडीप बघून मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तारेसकट डोलले. शेजारच्या घरातून दगड पडल्याचा आवाज आला आणि मग गिरजाबाईंची हाक. आम्ही धावलो. भिंतीच्या माथ्यावरचा एक दगड निसटून खाली आला होता. संगीता पाळण्यावर वाकून तशीच ओणवी होती. दगड तिच्या खांद्यावर बसला होता. लेकरू धडधाकट होतं, धुळीनं पांढरं झालेलं, रडत होतं. संगीताला आधी हदगावला आणि तिथून नांदेडला नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. ती बरी झाली, पण तो हात अजून पूर्ण वर जात नाही.

दादांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. गिरजाबाईंनी संध्याकाळी नेहमीसारखी भाकरी पाठवली. दादांनी ताट पुढे घेतलं आणि तसंच मागे सारलं. मग उठून त्यांनी दिनदर्शिका भिंतीवरून काढली आणि घडी करून ट्रंकेत, वह्यांवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसले होते. रात्रभर झोपले नसावेत. माझ्याकडे न बघता त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"वीरभद्र गेला त्या दिवशी पण अष्टमीच होती."

वीरभद्र हे नाव मला माहीत होतं. देवणीकडचा माणूस, दादांचा खाणीतला जोडीदार. गळ्यात लिंग, बोलण्यात कानडी हेल, डब्यात शेंगाची चटणी. आम्ही लहान असताना तो एकदा आमच्याकडे मुक्कामाला आला होता. छत कोसळून गेला, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं होतं.

दादांनी जे सांगितलं ते असं. त्या पाळीला वीरभद्र त्यांच्याबरोबर पुढे गेला होता. दोघांनी छत ठोकलं. वीरभद्र म्हणाला, छत बरं वाजत नाही, आज माणसं आत नको. दादांनाही आवाजात शंका आली होती. पण वह्या भरून भरून त्यांची एव्हाना खात्री झाली होती. ते म्हणाले, आज अष्टमी आहे, आज खडक झोपलेला असतो. वीरभद्रानं त्यांचं ऐकलं. सरदार होते ते. त्यानं मान डोलावली आणि खांबाला टेकू लावायला पुढे गेला. पुढचं सांगताना दादांनी फक्त हात वरून खाली आणला.

मी विचारलं, मग चौकशीत तुम्ही काय सांगितलं.

त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, छत चांगलं वाजलं होतं, वीरभद्र मला न विचारता पुढं गेला, असं सांगितलं. तसंच कागदावर उतरलं. कामगाराचा निष्काळजीपणा.

त्यांच्याजवळ बसून मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग आला. पण माझ्यासमोर ऐंशीकडे झुकलेला एक माणूस बसला होता, आणि ज्या वयात तो ते खोटं बोलला त्या वयात त्याला तीन लहान लेकरं होती. त्यातली एक मी. त्यानंतरही त्यांनी वह्या भरणं सोडलं नव्हतं, उलट जास्त नेटानं भरल्या होत्या. मला आता वाटतं, त्या वह्या ते स्वतःला समजावण्यासाठीच भरत होते. अष्टमी खरोखर शांत असते, वीरभद्राची अष्टमी तेवढी एक अपवाद होती, असं कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

खरं काय ते सांगायचं काम निलोफरकडे आलं. दोन दिवसांनी पेटी बघायला आली तेव्हा ती वह्या घेऊन गेली. पंधरा दिवसांनी ती परत आली आणि दादांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. तिनं सगळ्या रेघा मोजल्या होत्या. अमावास्या-पौर्णिमेला रेघा थोड्या जास्त होत्या, हे खरं होतं. पण त्या दिवशीचं अक्षरही जास्त नीट होतं, नोंदी जास्त बारकाईच्या होत्या. अष्टमीच्या दिवसांत कितीतरी ठिकाणी पानं कोरीच होती. निलोफरनं जपून विचारलं, आजोबा, त्या दिवशी आवाज झाले नाहीत, की तुम्ही ऐकले नाहीत?

दादा म्हणाले, "मी कान देत नव्हतो, बेटा."

मग तिनं समजावलं. भरती असते. तिचा परिणाम असूही शकतो, पण तो शोधायला वर्षानुवर्षं यंत्रानं ऐकावं लागतं, कारण यंत्राला तिथी माहीत नसते. आणि परिणाम असला तरी जो खांब आधीच थकलेला आहे त्याला ती कदाचित थोडं आधी पाडेल, एवढंच. न थकलेला खांब पौर्णिमेला पडत नाही आणि थकलेला अष्टमीची वाट बघत थांबत नाही.

दादांनी विचारलं, म्हणजे कोणत्याही दिवशी पडू शकतं. ती हो म्हणाली. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं ते खचतील. पण थोड्या वेळानं ते उठले आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

त्या दिवशी दुपारी मारुतीच्या पारावर लोक जमले. दादांनी उभं राहून सांगितलं, मला हादऱ्यातलं काही कळत न्हाई. मला विचारू नका. संगीताला मी आत पाठवलं, चूक माझी आहे. निलोफरनं मग काय करायचं ते सांगितलं: भिंतीच्या माथ्यावरचे सुटे दगड उतरवा, पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेली धोंड काढून तो तारेनं बांधा, तडकलेल्या भिंतीशी अंथरूण टाकू नका. आणि दुसऱ्या दिवसापासून दादा काठी घेऊन घरोघर हिंडायला लागले. भिंत ठोकायची, कान लावायचा. ही घट्ट आहे. ही सुटली, हिच्याजवळ पाळणा नको. जे काम त्यांना खरोखर येत होतं ते त्यांनी महिनाभर केलं. आधी गिरजाबाईंच्या घरी केलं. हादरे तोवर विरळ होत गेले होते. का सुरू झाले आणि का थांबले, निलोफरही नक्की सांगू शकली नाही. पावसाचं मुरलेलं पाणी असेल, म्हणाली. असेल म्हणाली, आहे म्हणाली नाही. मला ते आवडलं.

मार्गशीर्षात दादा म्हणाले, देवणीला जायचंय.

आम्ही नांदेडहून उदगीरला आणि तिथून दुसऱ्या बसनं देवणीला गेलो. वीरभद्राचं गाव तिथून जवळच. रस्त्यानं त्या बाजूची ती देखणी जनावरं, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, सावकाश चाललेली. दादा खिडकीतून बघत होते, पण काही बघत नव्हते. मी विचारलं की वीरभद्राच्या बायकोला, महानंदाकाकूंना, काय सांगायचं ठरवलंय. ते म्हणाले, जे झालं ते.

महानंदाकाकूंनी त्यांना लगेच ओळखलं. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, हातात सुपली. "कुंद्री अण्णा, कुंद्री," म्हणत त्यांनी बसायला ओट्यावर सतरंजी टाकली. पाणी आणलं. दादांनी पाण्याला हात लावला नाही. त्यांनी सगळं सांगितलं. मधे थांबले नाहीत, स्वतःच्या बाजूनं काही जोडलं नाही. चौकशीत काय बोललो तेही सांगितलं.

काकू सुपलीतल्या डाळीकडे बघत होत्या. त्या रडतील, किंवा आम्हाला जा म्हणतील, असं मला वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, "ते काय म्हणले होते? त्यांचाच शब्द सांगा."

दादा म्हणाले, "छत बरं वाजत न्हाई अण्णा, आज माणसं नको. असं म्हणला."

काकू उठल्या. घरामागे गोठ्यात त्यांचा मुलगा होता, चाळिशी ओलांडलेला, बापासारखाच उंच. त्याला त्या हाताला धरून घेऊन आल्या. पुढे मला कळलं, की बाप स्वतःच्या बेफिकिरीनं मेला हे वाक्य त्या घरात इतकी वर्षं राहत होतं. सोयरिकीत कुणीतरी ते बोलायचं, भांडणात कुणीतरी काढायचं. मुलगाही चिडला की म्हणायचा. काकू दादांना म्हणाल्या, याला सांगा. दादांनी पुन्हा सगळं सांगितलं. मुलगा उभाच राहिला. शेवटी त्यानं डोक्याचा रुमाल काढून तोंडावर धरला.

मग काकूंनी त्याला उदगीरला दिलेल्या त्याच्या बहिणीला फोन लावायला सांगितला. फोन दादांच्या कानाशी धरला. दादांनी तिसऱ्यांदा सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, दादा नुसते हं हं करत होते.

माफ केलं असं काकू म्हणाल्या नाहीत. दादांनीही तसं मागितलं नाही. परतीच्या बसची वेळ होत आली म्हणून मी उठले. काकूंनी मला हातानं थांबवलं.

"नात साळंतून यायची हाय. तिलाबी सांगून जावा."

दादांनी पायातल्या चपला पुन्हा काढल्या, बाजूला नीट ठेवल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसले.